डाव्या पायाचा फ्यूग

९ सप्टेंबर २०१४, मंगळवार

काल गणपती गेले. बरं झालं. रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात यंदा जे काही गाणं-बजावणं चाललं होतं ते बाप्पानेच ऐकून घेतलं. माणसाचं काम नव्हतं.

आजपासून ही रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. विमलाला तर नाहीच.

पहिल्यांदा अपमान लिहून ठेवतो, म्हणजे विसरायची भीती नको. शेवटच्या दिवशी विमलाचं नाट्यगीत होतं. तीस वर्षं हेच चाललंय: बायको गाते, मी ऑर्गनवर साथ करतो. पहिला अंतरा संपत होता आणि अध्यक्ष गुलाबराव पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अनंतराव, जरा हळू. वहिनीचा आवाज ऐकू येऊन नाही राहिला." यांना माझा ऑर्गन मोठा वाटतो. विमलाचा आवाज बारीक झालाय, ते म्हणायची कोणाची छाती नाही.

मध्यंतरानंतर रेल्वेतला दिवाकर आपली हार्मोनियम घेऊन वर येऊन बसला. कोणी बोलावलं होतं? पुढची दोन गाणी विमला त्याच्याबरोबर गायली. टाळ्या पडल्या. प्रसादाची वेळ झाली की टाळ्या जोरात पडतात, हे मी घरी येताना तिला समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

निश्चय: यापुढे कोणाची साथ करायची नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याच्या मागे मागे चालायचं, ही काय जिंदगी आहे?

१२ सप्टेंबर, शुक्रवार. ऑफिस, जेवणानंतर

सचिवालय शहरातून उचलून नया रायपुरात नेऊन ठेवलंय. सकाळी शंकर नगरहून स्टाफ बसने निघायचं. रस्ता एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखीचा आहे की नाही ते कळत नाही. तसा पलीकडे माणूसही नसतो. जेवणानंतर ऑफिसात करायला काही नसतं. जेवणाआधीही नसतं.

आज मोबाइलवर एक गोरा म्हातारा सापडला. ऑर्गन वाजवत होता. आमच्यासारखा नाही, भिंतीएवढा. दोन हात वर चाललेले, आणि पायांनीसुद्धा सूर! पायाखाली लांब लाकडी पट्ट्यांची वेगळी रांग, तिच्यावर तो चकचकीत बूट घालून कधी टाच, कधी चवडा, नुसता पळत होता. खाली लिहिलं होतं: बरोक. बाख यांचा फ्यूग.

बरोक म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, आणि बाख त्यातला जर्मन उस्ताद. फ्यूग म्हणजे काय तेही बसमध्ये वाचून काढलं. एक सुरावट एका हाताने सुरू करायची. ती पुढे गेली की दुसरा हात तीच सुरावट घेऊन मागून येतो. मग पाय येतात. सगळे एकमेकांच्या पाठी लागतात आणि शेवटपर्यंत कोणी कोणाला जुमानत नाही. यात गायक नाही. गायिका तर नाहीच. आणि कोणी कोणाची साथ करत नाही.

हे मला आजवर कोणी का सांगितलं नाही?

१३ सप्टेंबर, शनिवार

विचार पक्का. दिवाकरच्या बापालाही फ्यूग येणार नाही.

माझ्याकडे ऑर्गन आहेच. म्हणजे मंडळाचा आहे, पण हॉलमध्ये वाळवी लागली तेव्हा तो माझ्याकडे आणून ठेवला, आणि मग कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी दिला नसता. जुन्या नाटकवाल्यांचा माल, सागवानी. खाली दोन पेडल आहेत. ती पायांनी आळीपाळीने दाबत राहायची, तेव्हा भात्यात हवा भरते आणि वरच्या पट्ट्या बोलतात. पाय थांबले की आवाज बसतो.

म्हणजे बघा, जर्मनीत पाय सूर वाजवतात आणि रायपुरात पाय हमाली करतात. इथेच सगळं आलं.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चमधल्या लकडा मॅडमकडे गेलो. त्या पियानो शिकवतात, रांचीला खरा ऑर्गन शिकल्या आहेत असं ऐकलं होतं. मी तीस वर्षांचा अनुभव सांगितला. त्यांनी मला लहान मुलांचं पाच बोटांचं पुस्तक काढून दिलं आणि डाव्या हाताने वाजवायला सांगितलं. डावा हात जागचा हलला नाही. त्यात त्याची काय चूक? सगळी हयात त्याने षड्ज धरून ठेवलाय. प्रामाणिक हात आहे.

मी फ्यूगचं म्हटलं. त्या म्हणाल्या, हो, पण पायाचा भाग सोडून द्या. "आपके बाजे में पैर हवा देते हैं, सुर नहीं. पहले बायाँ हाथ खोलिए, बाकी बाद में."

विद्या लपवणं फक्त आपल्याच घराण्यांत असतं असं मला वाटत होतं. तसं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

गुलाबराव घरी आले. चहा प्यायले, चिवडा खाल्ला, मग विषयाला हात घातला. चौदा डिसेंबरला मंडळाचा वर्धापन दिन. विमला गाणार. ऑर्गन पाहिजे. मी सांगितलं, मी साथ करणं सोडलंय. ते म्हणाले, "मंग ऑर्गन दिवाकरकडे पोहोचवून देऊ ना. वाजवणाऱ्याच्या घरी राहिला पाहिजे. तुमी काहून अडवून ठेवून राहिले?"

विमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. माझ्या बाजूने बोलायला हवं होतं.

मी गुलाबरावांना म्हटलं, चौदा तारखेला मी एकटा वाजवीन. स्वतंत्र. बरोक. त्यानंतरही ऑर्गन दुसऱ्याकडे जावा असं वाटलं तर खुशाल न्या. त्यांनी बरोक म्हणजे कोणता राग, असं विचारलं. 

आता पैज लागलीच आहे. ऑर्गन या घरातून हलणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पाचला उठून रियाज. (उठलो नाही. बसमध्ये मनातल्या मनात केला.)

२७ सप्टेंबर, शनिवार

लकडा मॅडमचा क्लास बंद केला. त्या माझ्यात प्रगती बघू शकत नाहीत.

त्याऐवजी सुताराकडून, त्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या पायाखाली होता तसा, लाकडी पट्ट्यांचा तक्ता करून घेतला. जमिनीवर ठेवायचा, खुर्चीत बसून वाजवायचा. पट्ट्यांवर खडूने सा रे ग म लिहिलं. आवाज येत नाही, कारण तो नुसता तक्ता आहे, पण पायांना काय माहीत? शिस्त लागणं महत्त्वाचं. हात ऑर्गनवर वेगळे, पाय तक्त्यावर वेगळे. दोन्ही तयार झाले की एकत्र आपोआप होतील.

विमलाने विचारलं, कार्यक्रमात पाय या तक्त्यावर ठेवले तर ऑर्गनला हवा कोण देईल? मी सांगितलं, कार्यक्रमात पाय ऑर्गनच्याच पेडलवर राहतील, पण फ्यूगच्या शिस्तीत. सूर ऐकू येणार नाही, पण ज्याला कान आहे त्याला तो जाणवेल. ती म्हणाली, "मले काही समजून नाही राहिलं." मला ते अपेक्षितच होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

गोल बाजारात बूट शोधले. ऑर्गनच्या बुटाला तळ पातळ आणि टाच थोडी उंच लागते. दुकानदाराने चपला दाखवल्या, मग कॅनव्हास, मग मुलांचे शाळेचे. शेवटी मी पायाने हवेत वाजवून दाखवलं. त्याने आतून लग्नातल्या बँडवाल्यांचे पांढरे बूट काढले. "भैया, इसमें बारात भर नाच लो, कुछ नहीं होगा." उद्धट माणूस. पण बूट बरोबर बसले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

सकाळीच भांडण.

दसऱ्याला आपल्याकडे ऑर्गनची पूजा होते. विमला दरवर्षी पट्ट्या पुसून हळद-कुंकू वाहते, तिचा तंबोराही शेजारी असतो. मी म्हटलं, बूटही पूजेत ठेव. बरोकमध्ये बूट हे वाद्यच आहे. ती म्हणाली, बुटाला कुंकू मी लावणार नाही, जीव गेला तरी नाही. मी बूट पाटावर ठेवले. तिने उचलून बाहेर ठेवले. मी पुन्हा ठेवले. नीलेश अंघोळीहून आला आणि म्हणाला, "पापा, देवी के सामने जूते? सच में?" याला मराठी समजते, पण इंजिनीअरिंगला गेल्यापासून हा ती बोलत नाही. बापाशी हिंदीत बोलायचं आणि आईच्या बाजूने बोलायचं, एवढंच शिकला कॉलेजात.

शेवटी मी बाल्कनीत एकट्याने बुटांची पूजा केली. सोनं म्हणून आपट्याचं पान वाहिलं. उरलेलं पान कोणाला दिलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

डावा पाय अप्रतिम तयार होतोय. सांगायला नको, पण अशी टाच त्या गोऱ्या म्हाताऱ्याचीही नाही.

दुपारी खालच्या मजल्यावरचे साहूजी छत्तीसगढीत ओरडत वर आले. "का करत हव भैया, घर ला गिराहू का?" मी म्हटलं, संगीत आहे. ते म्हणाले, "संगीत हे त सुनावत काबर नइ हे?" आवाज येत नाही म्हणून तक्रार, आणि आवाज येतो म्हणूनही तक्रार. अशा लोकांच्या डोक्यावर मी राहतो.

विमलाने त्यांना लाडू दिले आणि माफी मागितली. माझ्या वतीने. मी मागितली नव्हती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. ऑफिस

टेबलाखाली पायांचा रियाज उत्तम चालतो. समोरची रुचिता आज फार वेळ माझ्याकडे बघत होती. मग हळूच विचारलं, "सर, आपको नसों की कोई तकलीफ है?" आणि एका डॉक्टरचं नाव सांगितलं. मी रियाजाबद्दल सांगितल्यावर तिने मान हलवली. माझ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं, म्हणाली.

नव्या राजधानीत एवढी मोठी इमारत बांधली आणि आत माणसं ही भरली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत चार दिवस रियाज नाही. पाहुणे. विमलाची वर्ध्याची बहीण आली, म्हणाली, भाऊजी, काहीतरी वाजवा. मी उजव्या हाताने फ्यूगची सुरावट वाजवली. ती थांबली तेव्हा सगळे पुढचं गाणं सुरू व्हायची वाट बघत होते. मग विमलाने सवयीने गुणगुणायला सुरुवात केली. मी पट्ट्यांवरून हात काढून घेतला.

ती ताटल्या मांडायला लागली. बहीण फराळाचं आणायला उठली.

मला वाईट वाटलं. पण एकदा मोडलेली सवय पुन्हा लावून घेणं बरं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

विमला दिवाकरच्या घरी सरावाला जाऊन आली. रिक्षाने गेली, रिक्षाने आली. मी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं, "दिवाकरभाऊची पेटी चांगली आहे." एवढंच. मीही एवढंच म्हटलं की पेटी चांगली असतेच, वाजवणाऱ्याचा प्रश्न असतो.

सुताराला आणखी दोन पट्ट्या लावायला सांगितल्या. आता उजव्या पायाचं क्षेत्रही वाढेल.

९ नोव्हेंबर, रविवार

आढावा.

उजवा हात: तयार.
डावा पाय: पूर्ण तयार.
उजवा पाय: जवळजवळ.
डावा हात: वाटाघाटी चालू. षड्ज सोडायला तयार नाही. त्यामुळे दुसरी सुरावट यायची तिथे "सा" वाजत राहतो. मी याला भारतीय बरोक म्हणतो. तानपुऱ्याचीही सोय झाली.

सगळं एकत्र अजून वाजवलेलं नाही. घाई करायची नाही. फळ पिकायला वेळ लागतो, आणि घरात फार आवाज आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बसमध्ये उजवा पाय ड्रायव्हरच्या सीटमागच्या पत्र्याला लागला. त्याने गाडी थांबवली. मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही, आणि हा उभा राहून मला विचारतोय की लाथ कोणी मारली. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एकही साक्षीदार फुटला नाही. सहकार्य हवं असतं तेव्हा मात्र एकजण सापडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज दोन्ही एकत्र करायचे होते. ऑर्गनचं झाकण उघडलं. विमला समोर येऊन बसली, ऐकायला. तिच्यासमोर नको वाटलं. झाकण लावलं. घसा दुखत होता म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "घशाचं काय काम? तुमी का गाणार आहात?"

बाई कधी कधी मुद्द्याचं बोलते. पण वेळ चुकते.

७ डिसेंबर, रविवार

परवा गुलाबरावांचा फोन होता. कार्यक्रमपत्रिकेत काय लिहू? मी सांगितलं: "बरोक ऑर्गन. एकल. अनंतराव." आज ती छापून आली आहे. माझ्या नावापुढे लिहिलंय: "ऑर्गन (विदेशी चाल)." त्याच्या खाली: "नाट्यगीते: सौ. विमला. साथ: दिवाकर."

तिच्या नावाखाली दुसऱ्याचं नाव छापलेलं पहिल्यांदाच बघितलं. छपाई खराब आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

ऑर्गन आज मंडळाच्या हॉलमध्ये नेला. जिन्यात हमालांनी एका कोपऱ्याला खरचटवलं. मी ओरडलो. साहूजी दार उघडून बघत होते. ते खुशीत होते, सोडवणूक झाल्यासारखे.

उद्या. सगळं मनात तयार आहे. डाव्या पायाला तेल लावलं.

१४ डिसेंबर, रविवार. घरी परत

शांतपणे लिहितो.

पहिली गोष्ट, मला बूट काढायला लावायचा प्रयत्न झाला. स्टेजवर ऑर्गनला हार घातला होता, नारळ ठेवला होता. मी बुटांसह वर चढलो तसे गुलाबराव धावत आले. "अनंतराव, बूट? वाद्याजवळ?" मी म्हटलं, हे वाद्याचेच बूट आहेत. लोक हसले. विमला विंगेत तंबोरा घेऊन बसली होती. तिने हात जोडून खूण केली की काढा. मी काढले नाहीत. जगात कुठेही ऑर्गनवाला अनवाणी नसतो.

दुसरी गोष्ट, प्रस्तावना. फ्यूग म्हणजे काय हे लोकांना समजलं पाहिजे म्हणून मी थोडं बोललो. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "काका, बजाओ भी." मराठी मंडळात हे हिंदीत.

सुरू केलं. उजवा हात उत्तम. निर्दोष म्हणायला हरकत नाही. डाव्याने आपला सा धरला. हॉल शांत होता. मी पेडल दाबत होतो. मग पायांची जागा आली, जिथे सुरावट पायांकडे जाते. आणि पाय गेले.

त्यांना सवयच ती लावली होती. हवा देणं सोडून ते बाखच्या मागे निघाले. डावी टाच, डावा चवडा, उजवी टाच. काय सुंदर पडत होती पावलं! भात्यात जी काही हवा शिल्लक होती ती संपली. ऑर्गनने एक लांब उसासा टाकला आणि गप्प झाला. हात पट्ट्यांवर चालूच होते. मी थांबलो नाही. कलावंत मध्ये थांबत नाही. संपूर्ण हॉलमध्ये नुसती लाकडावर बुटांची टकटक.

एक बाई म्हणाली, "आहा, नाच पण आहे!" तिला कोणी गप्प केलं नाही.

मग डाव्या पेडलचा पट्टा तुटला. टाचेने. पेडल खाली बसलं आणि माझा बूट त्याच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये अडकला.

लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या. मला उठता येईना. गुलाबरावांनी माइकवर पुढचा कार्यक्रम जाहीर करून टाकला. विमला येऊन बसली, दिवाकर हार्मोनियम घेऊन बसला, आणि मी ऑर्गनवर बूट अडकून तसाच. दिवाकर वाकून हळूच म्हणाला, "अनंतभाऊ, पाय काढून घ्या ना बुटातून." मी घेतला नाही. बूट सोडून मोजा घालून उतरायचं, सगळ्यांसमोर?

तिची तिन्ही गाणी मी तिथूनच ऐकली. बरी झाली. पहिल्या गाण्यात मध्ये एकदा तिचा श्वास तुटला आणि दिवाकर पुढे निघून गेला. ती त्याच्यामागे धावली. मला ऑर्गनवर हात ठेवावासा वाटला. ठेवला. आवाज आला नाही.

नंतर नीलेशने बूट कापून काढला. हिंदीत काही बोलला नाही. मराठीतही नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

लकडा मॅडम प्रेक्षकांत होत्या म्हणे. त्यांनी विमलाजवळ निरोप ठेवला की पुन्हा या, पाच बोटांपासून सुरू करू. दयेचे निरोप मी घेत नाही.

अपयशाची कारणं: १) हार. झेंडूचा वास नाकात गेला. २) प्रस्तावना फार छोटी झाली. ३) विमला विंगेतून बघत होती. ४) मंडळ.

२१ डिसेंबर, रविवार

ऑर्गन परत आला नाही. हॉलमधूनच तो सरळ दिवाकरकडे गेला. मी पैज लावली होती, असं गुलाबराव म्हणाले. मी म्हटलं, लोकांना ऑर्गन जावा असं वाटलं पाहिजे, अशी अट होती. "वाटलं ना," ते म्हणाले.

भिंतीला त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिलाय. बाकी भिंत किती मळली होती ते आता दिसतं. विमलाने तिथे खुर्ची ठेवली. मग उचलली. मग तंबोरा ठेवला. तोही उचलला. सध्या तिथे काही नाही. संध्याकाळी ती तिथेच जमिनीवर बसून भाजी निवडते.

मी तक्त्यावर बसलो. पाय चालेनात.

२८ डिसेंबर, रविवार

काही नाही.

४ जानेवारी २०१५, रविवार

विमलाने भांडण काढलं. म्हणजे मी काढलं असं ती म्हणेल. मी एवढंच म्हणालो की दिवाकरबरोबर तुझं बरं चाललंय. तिने हातातली मेथी ताटात टाकली. "तुमाले मी एकदा तरी म्हटलं होतं का, की साथ सोडा? गुलाबराव बोलले अन् तुमी मले सोडून दिलं. मले विचारलं नाही. मी तिथं दारात उभी होती."

मी म्हटलं, तू त्या दिवशी काही बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमी माझ्याकडे पाह्यलं असतं तर बोलली असती."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आत्ता आठवत नाही.

११ जानेवारी, रविवार

दिवाकर आला. घरी, पहिल्यांदाच. चहा नको म्हणाला. पट्टा अजून दुरुस्त झाला नाही, नागपूरचा कारागीर महिन्याभरात येतो म्हणतो. पण अठराला मंडळाच्या बायकांचं हळदी-कुंकू आहे आणि विमला ऑर्गनवरच गायचं म्हणते. हार्मोनियम नको म्हणते.

मग खालमानेने म्हणाला, "अनंतभाऊ, मांगची फळी काढून पाह्यली. भाता हातानं दाबता येते. मी वाजवतो, पण मांगं बसून कोणीतरी हवा द्यायला पायजे. पोरांना जमून नाही राहिलं. झटके देतात. तुमाले त्या भात्याचा अंदाज आहे."

म्हणजे मी ऑर्गनच्या मागे जमिनीवर बसायचं. लोकांना दिसणार नाही. पुढे दिवाकर.

मी तुला काय वाटलो, असं मी त्याला विचारलं. विमला पाणी घेऊन आली. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. ती पाणी ठेवून गेली नाही, उभी राहिली.

विचार करून सांगतो म्हटलं.

१५ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

विचार केला. मोबाइलवर वाचलं की बाखच्या काळी चर्चमध्ये भाता मारायला वेगळा माणूस असे. त्याच्याशिवाय बाखला एक सूर वाजवता आला नसता. तेव्हा खरं पाहिलं तर वाजवणारा तोच. पुढे बसलेला फक्त बोटं हलवतो. दिवाकरला हे सांगणार नाही, त्याला वाईट वाटेल.

होकार कळवला. विमलाने तीळगूळ दिला. गोड बोला म्हणाली नाही, नुसता दिला.

१८ जानेवारी, रविवार

हळदी-कुंकू. पुरुष आम्ही दोघंच, दिवाकर पुढे आणि मी मागे. मला मागून विमलाची पाठ, अंबाडा आणि ताल देणारा हात एवढंच दिसत होतं. जमीन गार. फळी काढलेली, तोंडावर धूळ.

पहिलं गाणं सुरू झालं आणि दोन ओळींतच मला कळलं की दिवाकरला तिच्या श्वासाची जागा माहीत नाही. अंतऱ्यात तिसऱ्या शब्दानंतर तिला थांबावं लागतं, लग्न झाल्यापासून थांबते. मी तिथे दाब सैल केला. सूर जरासा बसला, तिने श्वास घेतला, मी पुन्हा दाब दिला. दिवाकरने पेडलकडे बघितलं, त्याला वाटलं बिघाड झाला. प्रत्येक अंतऱ्याला मी तेच केलं. दुसऱ्या गाण्यात त्याचीही बोटं तिथे थांबायला लागली. शिकतोय.

तिचा आवाज बारीक झालेला नाही. मागून ऐकला की नीट ऐकू येतो.

शेवटी बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबराव फक्त अल्पोपाहारासाठी आले होते, पण त्यांनीही दिवाकरची पाठ थोपटली. काय सुंदर थांबता हो तुम्ही गाण्यात, म्हणाले. दिवाकरने मान हलवून "हाव" म्हटलं. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी मागे फळीचे स्क्रू लावत होतो. फ्यूगबद्दल कोणी विचारलं नाही.

घरी येताना विमला रिक्षात म्हणाली, "पुढच्या खेपेला बसायले उशी घेऊन घ्या. तुमची कंबर धरते."

उशी काढून ठेवली आहे.